नववं आडवं

महाल, नागपूर
१८ ऑगस्ट १९७४

चि. श्रीधर,

आशीर्वाद शेवटी देईन, उरले तर.

तुझं पत्र मिळालं. पुण्याला गेल्यापासूनचं पहिलंच. आईचे गुडघे विचारलेस, इकडचा पाऊस विचारलास, आणि मग तळाशी, जणू आत्ताच आठवलं अशा थाटात, पानभर शब्दकोड्यांची सूत्रं उतरवून लिहिलंस, "ताई, यांचा उलगडा जरा सविस्तर पाठव." पुण्याचे प्रकाशक म्हणे 'श्रीधर भोयर यांची गूढ शब्दकोडी' असं पुस्तक काढून राहिलेत, प्रत्येक सूत्राच्या उलगड्यासकट. फार छान. अडचण एवढीच, की श्रीधर भोयर यांना श्रीधर भोयर यांची कोडी सुटत नाहीत.

तिकडच्या हवेनं तुझी आठवण पातळ झालेली दिसते, म्हणून सांगते. तू नानाजींच्या साप्ताहिकात मुद्रितं तपासायला लागलास. नानाजींना इंग्रजी पेपरात येतं तसं तिरक्या चालीचं कोडं मराठीत हवं होतं. तू छाती ठोकून हो म्हणालास आणि घरी येऊन रडवेलं तोंड करून माझ्यापुढे बसलास. मी शाळेच्या स्टाफरूममध्ये इंग्रजी कोडी सोडवते हे तुला ठाऊक होतं. पहिलं कोडं मी करून दिलं आणि ते तुझ्या नावानं छापून आलं. विचारलं तर म्हणालास, "ताई, बाईचं नाव पाहून लोकांना वाटेल पाककृतीच आहे." तेव्हा मी हसले होते. मग तू इथून जाईपर्यंत दर रविवारी कोडं माझं आणि नाव तुझं. जाताना सगळी कात्रणं ट्रंकेत भरून नेलीस, आणि आता तिथल्या पेपरात तीच ऊन करून वाढतोस.

नमुना म्हणून तू स्वतः केलेला एक उलगडा पाठवलास. 'एका वारी नकार शिरला आणि शेपूट फुटलं', तीन अक्षरं, उत्तर वानर. यावर तू लिहितोस, "वानर हा हट्टी प्राणी असून तो प्रत्येक गोष्टीस नकार देतो." कुठे पाहिलास गा असा वानर? रामटेकच्या गडावर जाऊन ये एकदा. नारळ, शेंगदाणे, बायकांच्या पिशव्या, म्हाताऱ्यांचे चष्मे, तो कशालाच नाही म्हणत नाही. अरे, 'वार' हा शब्द घे. त्याच्या पोटात 'न' घाल. नकार म्हणजे न हे अक्षर, जसा मकार, जसा ककार. वा-न-र. शेपूट हा अर्थ. झालं. एवढंच असतं ते, पण एवढंच दिसावं लागतं.

मी प्रत्येक सूत्र आधी आईला समजावून सांगायची, हे तरी आठवतं का? चौथी शिकलेली बाई. ती "असं होय!" म्हणाली की सूत्र पास. "कायच्या काही" म्हणाली की कागद चुलीत. तुझा वानर तिला वाचून दाखवला. ती काय म्हणाली ते तूच ओळख, एवढं तरी जमेल.

उलगडे पाठवीन. अट एक. मुखपृष्ठावर माझं नाव पाहिजे, तुझ्या नावाइतक्याच मोठ्या टायपात. आत नाही, मागच्या पानावर नाही, बाहेर. मला दुसरं काही नको.

हो की नाही, तेवढंच लिही. जास्त लिहायला गेलास की तुझं हसं होतं.

जयवंता


६ ऑक्टोबर १९७४

चि. श्रीधर,

"नाव नक्की घालतो ताई, हे काय सांगायला हवं?" असं लिहिलंस. सांगायला हवं. नाहीतर आजवर काय केलंस ते दिसतंच आहे.

सोबत सगळे उलगडे आहेत. शाळेच्या तपासणीचे दिवस, तरी बसून केले. प्रत्येक दोन-चार ओळींत आटपला आहे. त्यात तुझी फोडणी घालू नको. 'मर्मग्राही', 'हृद्य', 'चपखल' हे शब्द तू जिथे जिथे टाकशील तिथे वाचणाऱ्याला कळेल की तुला काही कळलेलं नाही.

'पहिल्या सुरापुढे मास्तर बसले आणि पोरगी नांदायला गेली', यावर तू विचारतोस, "ताई, हे तुझ्या आयुष्यावर बेतलेलं आहे का? तसं असेल तर प्रस्तावनेत घेता येईल." धन्य आहे तुझी. पहिला सूर सा. मास्तर म्हणजे सर. सासर. माझ्या न झालेल्या लग्नाचा इथे काय संबंध? मला पाहायला दोन मास्तर येऊन गेले होते, पण दोघेही बेसूर होते. हे घाल प्रस्तावनेत.

एक उलगडा मी मुद्दाम पाठवलेला नाही. तुझ्या यादीत ज्या कोड्यावर तू लाल पेन्सिलीनं खूण केली आहेस, त्यातलं नववं आडवं. 'मोटार आणि ओझं मिळून डोंगरावरून खाली बघतं.' ते सूत्र पुस्तकातून काढून टाक. त्याला अर्थ नाही.

आईनं गल्लीभर सांगून टाकलं आहे. शेजारच्या जिजाबाई काल विचारत होत्या, "काहो बाई, तुमचं नाव येऊन राहिलं म्हणे पुस्तकावर?" मी म्हटलं, येईल तेव्हा बघू. मी काही डोळे लावून बसलेली नाही.

सहज विचारते, नाव 'जयवंता भोयर' असं येणार की 'जयवंता शालिकराम भोयर'? बाबांचं नाव मध्ये असलं तर बरं दिसेल. जागा नसेल तर राहू दे. पण बघ, जागा असते.

जयवंता


१७ नोव्हेंबर १९७४

चि. श्रीधर,

भाऊबीजेला आला नाहीस. आईनं तुझ्या वाटणीचे अनारसे डब्यात घालून ठेवले आणि दिवाळीभर मला हात लावू दिला नाही. आणि तुझ्याकडून काय आलं, तर चार पानांचं पत्र, त्यात तीन पानं नवव्या आडव्यावर.

"ताई, तू हातचं राखून ठेवते आहेस." असं लिहिताना तुला काही वाटलं नाही? माझ्याकडचं सगळं तुला दिल्यावर राखायला हात तरी उरला का?

तुझं म्हणणं असं, की ते माझं सर्वांत खोल सूत्र असणार, म्हणून मी ते एकटीसाठी ठेवून राहिले. बरं, ऐक. नीट बसून ऐक.

त्या कोड्यात मी दोन सूत्रं दिली होती. नववं आडवं, 'मोटार आणि ओझं मिळून घर चालतं.' कार अधिक भार, कारभार. दहावं आडवं, 'टपाल उलटून डोंगरावरून खाली बघतं.' डाक उलटी केली की कडा. छापखान्यात खिळे जुळवताना नवव्याचं शेपूट आणि दहाव्याचं डोकं गळून पडलं, आणि उरलेली दोन धडं एकमेकांना चिकटली. दहावं आडवं त्या अंकात छापलंच गेलं नव्हतं. कात्रण तुझ्याजवळ आहे, आकडे वाच. नऊनंतर थेट बारा आहे, अकरा तर उभ्या शब्दांतच होतं.

आणि मुद्रितं कोण तपासत होतं? तू. त्या दिवशी तू मित्रांबरोबर अंबाझरीच्या तलावावर गेला होतास आणि न वाचताच सही करून दिली होतीस. मी म्हटलं, पुढच्या अंकात दुरुस्ती छाप. तू म्हणालास, "जाऊ दे न ताई, लोकांना कुठे समजते." लोकांनी उभे शब्द भरले, आडवं आपोआप 'कारभार' आलं, कोणी विचारलं नाही. तेव्हापासून तुझा लोकांवर विश्वास बसला आहे.

तर ते खोल नाही, उथळ नाही, काहीच नाही. छापखान्यातला अपघात आहे. अपघाताचा उलगडा करत बसू नको.

मुखपृष्ठाचा नमुना पाठवतो म्हणाला होतास. आला नाही. टपालात अडकला असेल.

जयवंता


५ जानेवारी १९७५

श्रीधर,

पुस्तक आलं. पोस्टमन दारात उभा असतानाच मी दोरी सोडली.

मुखपृष्ठ चांगलं आहे. काळे-पांढरे चौकोन, मधोमध 'श्रीधर भोयर' आणि खाली कोपऱ्यात प्रकाशकाचं चिन्ह, एक हत्ती. हत्तीला जागा मिळाली.

मी आतलं पान पाहिलं. त्यामागचं पाहिलं. शेवटचं पाहिलं. मग ऋणनिर्देश सापडला. तुझ्या पेपरचे संपादक, प्रकाशक, चित्रकार, पुण्यातली कुठली कुठली मंडळी, आणि शेवटी, "माझी थोरली भगिनी, जिने रात्रंदिवस चहा करून माझ्या साधनेस हातभार लावला." मी ते दोनदा वाचलं. माझं नावसुद्धा नाही त्यात. नुसती भगिनी. आणि श्रीधर, तुला चहा कोण करून देत होतं? आई. मी तुला जन्मात कधी चहा करून दिला नाही. निदान खोटं तरी तपासून लिहायचं होतंस. पण तपासणं तुला कधी जमलं?

तुझं सोबतचं पत्रही वाचलं. "प्रकाशक म्हणाले दोन नावांनी वाचक गोंधळतो." म्हणाले असतील. आणि तू काय म्हणालास ते तू लिहिलेलं नाहीस, म्हणजे तू काहीच म्हणाला नाहीस.

आईनं विचारलं, "कुठं आहे वं तुहं नाव? मले दाखव." मी म्हटलं, बारीक टायपात आहे, तुला दिसणार नाही. हे असं खोटं मला तुझ्यापायी बोलावं लागलं, याचा मला संताप आहे. ती चष्मा शोधायला उठली, मी चष्मा लपवला.

आणि नववं आडवं! ते तू काढलं नाहीस, ते तू पहिल्या पानावर घेतलंस! 'कोडेकाराचे सर्वोत्कृष्ट सूत्र' म्हणून! उलगडा दीड पान. "कारभार हाकणारे सत्तेच्या डोंगरावर बसून खाली सामान्य जनतेकडे पाहतात. मोटार हे त्यांच्या चैनीचे आणि ओझे हे जनतेच्या हालांचे प्रतीक." मी आयुष्यात इतकी हसले नाही आणि हसताना मला इतकी किळस कधी आली नाही. दोन तुटक्या ओळी चिकटल्या, तिथे तुला सरकार दिसलं. तू सोबत पाठवलेल्या पुण्याच्या परीक्षणात कोणा शहाण्यानं लिहिलंय, "व्यवस्थेवर असे निर्भय भाष्य मराठी कोड्यात प्रथमच." निर्भय! माझा भाऊ पालीला घाबरतो.

ज्यानं लिहिलं तो आणि ज्यानं वाखाणलं तो, दोघांना एका बाकावर बसवून मी आठवड्याभरात शिकवू शकले असते. पण आता माझी इच्छा नाही.

जयवंता शालिकराम भोयर
(जागा होती.)


१६ फेब्रुवारी १९७५

श्रीधर,

इथे नागपुरात तुझा सत्कार झाला आणि तू त्याच रात्रीच्या गाडीनं निघून गेलास. घरी पाय ठेवला नाहीस. तू व्यासपीठावर होतास, तुला समोरचे चेहरे दिसले. मी तिसऱ्या रांगेत होते. खालून काय दिसलं ते तुला कळावं म्हणून लिहिते.

धंतोलीतला तो हॉल भरला होता. मी येणार नव्हते. आई म्हणाली, "पोट्ट्याचा सत्कार आहे अन् घरचं कोणी नाही, असं कसं?" म्हणून आले. अध्यक्ष कुठल्याशा कॉलेजचे निवृत्त प्राचार्य. त्यांनी तुझं नववं आडवं मोठ्यानं वाचलं, तू उलगडा सांगितलास, डोंगर, सत्ता, जनता, सगळं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. जाणत्या माणसासारख्या मानाही डोलावल्या. त्यातल्या निम्म्यांनी माझं कोडं वर्षानुवर्षं सोडवलं असेल, आणि एकाच्याही डोक्यात आलं नाही की हे जुळत नाही. मी इतकी वर्षं कोणासाठी डोकं झिजवत होते, हा प्रश्न मला तिथे पहिल्यांदा पडला.

मग सावनेरचे ते दादाजी उठले. धोतर, काळी टोपी, दर आठवड्याला कोड्याचं उत्तर कार्डावर लिहून साप्ताहिकाला पाठवायचे ते. म्हणाले, "श्रीधरराव, एक शब्द देतो, आमच्या भागातलाच. कापूस. यावर आत्ताच्या आत्ता एक सूत्र होऊन जाऊ द्या." अख्खा हॉल खूश झाला.

तू माइक धरलास. "कापूस," म्हणालास. पुन्हा "कापूस" म्हणालास. पाणी प्यायलास. "कोडं ही साधना असते," म्हणालास. त्यावरही दोघांनी टाळ्या वाजवल्या, पण दादाजी उभेच होते. मग तुझी नजर रांगांवरून फिरत फिरत माझ्यावर येऊन थांबली. पहिलं कोडं मागायला आलास तेव्हा असाच बघत होतास.

आईनं मला कोपरानं ढोसलं. "सांग न वं जयवंते. पोट्टं घामाघूम होऊन राहिलं."

मी म्हटलं, "होऊ दे."

"तुहाच भाऊ होय न."

मी तुझ्यासाठी उठले नाही, हे नीट लक्षात ठेव. शब्द सोपा होता. सोपा शब्द समोर ठेवून माणूस नुसता घाम पुसतो, हे मला बघवत नाही. मी उभी राहिले आणि म्हटलं, "'का' एवढंच विचार, बोंड फुटेल. तीन अक्षरं."

मी दादाजींना म्हटलं, का, आणि विचार म्हणजे पूस. का-पूस. दादाजींनी मांडीवर थाप मारली, "अरे बाप रे!" आणि आई, जिला हॉलमध्ये हळू बोलतात हे माहीत नाही, ती मोठ्यानं म्हणाली, "असं होय!"

अध्यक्षांनी विचारलं, "ताई, आपलं नाव?"

मी म्हटलं, "जयवंता शालिकराम भोयर." इतक्या लोकांपुढे मी माझं नाव कधी उच्चारलं नव्हतं. मला ते ऐकायला बरं वाटलं.

"भोयर? श्रीधरराव, तुमच्या कोण?"

माइक तुझ्या हातात होता. मी तुला सांगते श्रीधर, त्या घटकेला मी सगळं सोडून द्यायला तयार होते. पुस्तक, हत्ती, चहा, सगळं. तू फक्त खरं बोलायचं होतंस, एक वाक्य. मी तिथे उभी राहून तुझ्या तोंडाकडे बघत होते.

तू हसलास. म्हणालास, "माझी थोरली बहीण. माझी कोडी सोडवता सोडवता तिलाही आता थोडं थोडं जमायला लागलंय."

टाळ्या. सगळ्यांत मोठ्या. दादाजी माझ्याकडे वळून म्हणाले, "गुरू घरातच असला म्हणजे असं होते बाई." मी खाली बसले. मला फार वाईट वाटलं, इतकं की मला तिथेच रडू आलं, आणि शेजारची बाई म्हणाली, भावाचं कौतुक पाहून डोळे भरले बिचारीचे.

रिक्षातून घराशी उतरताना आई एवढंच म्हणाली, "तो जे बोलला न, ते कायच्या काही."

जयवंता


९ मार्च १९७५

चि. श्रीधर,

तुझं पत्र आलं. या खेपेला आईचे गुडघे नाहीत, पाऊस नाही, सरळ मुद्दा. पुस्तक खपलं, दुसरी आवृत्ती निघून राहिली, आणि तू प्रकाशकांशी भांडून ठरवलंस की मुखपृष्ठावर दोन नावं. तुझ्याइतक्याच टायपात. बाबांचं नावही मध्ये घालतो म्हणतोस. नमुना खरोखरच पाठवलास. छान दिसतंय. मी तो उजेडात धरून पाहिला, खोटं कशाला बोलू.

आणि दुसऱ्या पानावर, तळाशी, तुझ्या सवयीप्रमाणे जाता जाता, "कात्रणं संपत आली आहेत, एप्रिलपासून दर आठवड्याला एक नवं कोडं पाठवशील ना?"

आणि मी काढायला सांगितलेलं ते नववं आडवं? तू लिहितोस, ते आता काढता येणार नाही, सगळ्या परीक्षणांत तेच गाजलं.

मग माझं नाव घालू नको.

ऑगस्टमध्ये मी या नावासाठी तुझ्यापुढे पदर पसरायचा बाकी ठेवला होता. आज तू ते देऊन राहिलास आणि मला ते नको आहे, याचं मलाच नवल वाटतं. पण त्या मुखपृष्ठावर मी आले की आतला तो डोंगर, ती जनता, ते सगळं माझंही होईल. उद्या एखादी पोरगी ते पान उघडेल आणि म्हणेल, या बाईला कोडं कशाशी खातात ते माहीत नव्हतं. हे मी सोसणार नाही. तुझी भगिनी म्हणून राहीन, चहावाली म्हणून राहीन, पण ते सूत्र माझ्या नावावर नको.

मी नानाजींकडे जाऊन आले. ते सगळं जाणून होते, पहिल्यापासून. कोडी तुझ्या अक्षरात कधी आलीच नव्हती, त्यांना काय कळत नव्हतं? त्यांना मी विचारलं, मग आजवर बोलला काहून नाही? ते चष्मा पुसत बसले. म्हणाले, "बाई, तुम्हीच काही बोलत नव्हत्या." तोही एक भित्रा माणूस. पण येत्या रविवारपासून त्यांच्या साप्ताहिकात कोडं येईल, खाली माझं पूर्ण नाव येईल, आणि मुद्रितं मी स्वतः तपासणार आहे. नानाजी म्हणाले, लोक म्हणतील तुम्ही भावाची नक्कल करून राहिल्या. म्हटलं, म्हणू द्या. त्यांना कधी काय समजलं आहे?

आता तुझं. पुण्याला कोडं दर आठवड्याला द्यावं लागेल, आणि ते तुला स्वतःच करावं लागेल. घाबरू नको, कोणी मरत नाही त्यानं. साध्या शब्दापासून सुरू कर. आधी उत्तर ठरव, मग त्याचे तुकडे पाड, मग घरात कोणाला तरी समजावून सांग. पहिलं सूत्र झालं की मला पाठव. तपासून देईन. शाळेतून लाल शाईची नवी बाटली कालच आणली आहे.

आशीर्वाद.

जयवंता शालिकराम भोयर